खालच्या पुण्यात चार दिवस

चार दिवसांच्या या प्रवासात मी पुणे सोडून कुठेही गेले नाही. सगळ्यात लांब गेले ती दोनशे दहा फूट, आणि तीही सरळ खाली. तिथली हवा कशी होती असं विचाराल, तर तिथे हवाच नव्हती. वस्ती होती, शेजारपाजार होता, जेवणाच्या पंगती होत्या. हवा तेवढी नव्हती. ऑफिसात सांगायला गेले तर सगळ्यांनी एकच विचारलं, "मॅडम, रजा घेऊन बोअरी बघत हिंडलात?" दर वेळी पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

निघायचं कारण आमच्या सोसायटीची बोअर. आम्ही विश्रांतवाडीत राहतो. आमची इमारत उभी राहायच्या आधी त्या जागेवर रॉकेलचा डेपो होता. डेपो बंद झाला तेव्हा जमिनीखालच्या टाक्या उचलल्या, असं सगळे धरून चालले होते. एक राहिली होती. ती इतकी वर्षं गंजत, झिरपत होती. या प्रवासाच्या दीड वर्ष आधी बोअरच्या पाण्याला रॉकेलचा वास येऊ लागला आणि आम्ही ते पाणी वापरणं त्याच दिवशी थांबवलं. टाकी खणून काढली. पण खडकात मुरलेलं रॉकेल कोण काढणार? शेवटी अध्यक्ष भोसले साहेबांनी ठरवलं, बोअर काँक्रीट ओतून कायमची बुजवायची. रविवारी सर्वसाधारण सभा होती. मी सचिव, त्यामुळे ठरावाचा मसुदा मीच तयार केला. 

तो मी आप्पांना वाचून दाखवला. आप्पा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी, सोसायटीच्या पहिल्या सात सभासदांपैकी एक. ती बोअर त्यांनी दोन दिवस उन्हात उभं राहून मारून घेतली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पाणी आजारी पडलं म्हणून विहीर पुरतात होय गं?"

एवढंच बोलले. त्या दुपारी भाकरी अर्धीच खाल्ली. मी त्यांच्या गोळ्यांचा तक्ता ठेवते, त्यात "जेवण: निम्मे" असं लिहिलं आणि मेधाला फोन लावला.

मेधा माझी कॉलेजमधली मैत्रीण. घाण झालेल्या भूजलात, जिथे ऑक्सिजनचा कणही उरलेला नसतो तिथे राहणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास करते. मला वाटलं होतं, ती एखादं औषध सुचवेल. ती म्हणाली, "माझ्या नोंदी ठेवणारी बाई आजारी आहे. तू चार दिवस माझी वही सांभाळ, चौथ्या दिवशी तुझी बोअर बघते."

वही सांभाळायची म्हटल्यावर मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

पहिला दिवस : खराडी

मी काढलेल्या सामानाच्या यादीत एकोणीस गोष्टी होत्या. मेधाने गाडीच्या डिकीत पाहिलं आणि सुईदोरा उचलून दाखवला.

"हा कशाला?"

"लागतो कधीतरी."

"सुनंदा, आपण हिमालयात नाही चाललो. खराडीला चाललोय. टॉर्च मात्र शहाण्यासारखी आणलीस."

आयटीवाल्यांच्या एका मोठ्या आवारात पहिली बोअर होती. गेटवर नाव, गाडीचा नंबर, फोटो, सगळं घेतात. आमच्या सोसायटीत वॉचमन नुसती मान हलवतो. इथे मान हलवायलासुद्धा परवानगी लागत असावी. कोणाला भेटायचंय या रकान्यात मेधाने "जिवाणू" असं लिहिलं.

वॉचमन वाचून म्हणाला, "कितव्या मजल्यावर, मॅडम?"

"बेसमेंटच्या खाली."

त्याने गंभीरपणे पास दिला.

आवाराची व्यवस्था पाहणारा रोहन नावाचा तरतरीत मुलगा आम्हाला घ्यायला आला. जनरेटरच्या टाकीतून पूर्वी कधीतरी डिझेल गळलं होतं, त्यामुळे तिथली बोअर झाडांनाही वापरत नव्हते. "मॅम, बेसिकली वॉटर एकदम क्रिस्टल क्लिअर येतं," तो म्हणाला, "बट दहा मिनिटांत त्याचा चहा होतो. लिटरली."

मेधाने पंप चालू केला आणि पाणी तसंच वाहू दिलं. नळीत साचलेलं शिळं पाणी जाऊन खडकातलं ताजं यायला हवं, म्हणून पाऊण तास नुसतं थांबायचं असतं. मी घड्याळ लावून वाचनं लिहीत बसले. ऑक्सिजनचा आकडा उतरत उतरत शून्यावर टेकला आणि तिथेच राहिला.

मग तिने माझा स्टीलचा पेला मागितला (यादीत सातव्या क्रमांकावर होता) आणि भरून कट्ट्यावर ठेवला. पाणी इतकं नितळ होतं की पेल्याच्या तळाशी कोरलेलं माझ्या आईचं नाव वाचता येत होतं. आम्ही तिघं ओणवून बघत बसलो. आधी कडेला एक पिवळसर छटा आली, संध्याकाळी भिंतीवर येते तशी. मग ती आत आत पसरत गेली. आईचं नाव अंधुक झालं आणि शेवटी केशरी धुक्यात बुडालं.

"खाली श्वास घ्यायला हवा नसते," मेधा म्हणाली. "मग ते खडकातला गंज वापरतात. आपण डिझेल जाळायला ऑक्सिजन वापरतो, ते गंज वापरतात. त्यात गंजातलं लोखंड पाण्यात विरघळतं, म्हणून पाणी नितळ दिसतं. वर आलं, हवा लागली, की त्याचा परत गंज होतो."

"म्हणजे हे त्यांनी सोडलेले श्वास आहेत?" मी विचारलं.

मेधाने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. माझ्याकडून असे प्रश्न यायची तिला सवय नाही. "वहीत तसं लिहू नकोस," ती म्हणाली, "पण हो."

जेवायला रोहनने आम्हाला त्यांच्या कॅन्टीनमध्ये नेलं. काचेच्या भिंती, थंडगार हवा, आणि पनीर घातलेली मिसळ. मिसळीविषयी मी काही लिहीत नाही. पण तिथे शेकडो माणसं जेवत होती आणि त्यांच्या पायांखाली, कित्येक फूट काळ्या दगडाच्या आत, दुसरी पंगत बसलेली होती, हे डोक्यातून जाईना. परतताना सिग्नलला गाड्यांचा गलबला ऐकताना मला वाटत राहिलं की हा आवाज खालून कसा ऐकू येत असेल. बहुधा दूरच्या पावसासारखा.

दुसरा दिवस : शनिवार पेठ

इथे बोअर नव्हती, आड होता. जुनं घर पाडून बांधलेल्या तीन मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधोमध, लोखंडी जाळीखाली. समोर पूर्वी स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. जुनं ऑइल गटारात आणि गटार आडात, असा कित्येक वर्षांचा रिवाज. आडाचे मालक जोशी सर, निवृत्त शिक्षक, आमची वाट पाहत जिन्याशी उभे होते.

"आपण साडेनऊची वेळ दिली होती. आता नऊ पस्तीस झाले आहेत."

"माफ करा हं," मी म्हणाले. मनातून मला ते फार आवडले.

आडाच्या कठड्यावर उदबत्तीचं घर होतं. रोज संध्याकाळी सर तिथे उदबत्ती लावतात. मला वाटलं, जलदेवतेसाठी. जाळी उचलल्यावर कळलं कशासाठी ते. कुजक्या अंड्यांचा असा वास वर आला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

मेधाने मात्र डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "वा!"

"आपली तब्येत बरी आहे ना?" सरांनी विचारलं.

"सर, हा वास आहे म्हणजे खाली काम चालू आहे."

"असं? आमच्या स्टाफरूमला तीस वर्षांत कसलाच वास आला नाही. तरी मला शंका होतीच."

इथे माझ्याकडून चूक झाली. खालचं पाणी बाटलीत भरताना हवेचा बुडबुडाही राहता कामा नये. तेवढ्या हवेनेसुद्धा आतले मरतात. मी बाटली काठोकाठ भरली, झाकण लावलं, आणि औषधाची बाटली हलवावी तशी खळखळून हलवली. सवयीने. उलटी करून पाहिली तर आत साबुदाण्याएवढा बुडबुडा इकडून तिकडे फिरत होता.

"गेले," मेधा म्हणाली.

"कोण?"

"तुझ्या हातात होते ते."

मी ती बाटली बराच वेळ धरून उभी राहिले. आमच्यासाठी जे जीवन ते त्यांच्यासाठी विष, हे कागदावर वाचणं वेगळं आणि हातात धरणं वेगळं. दुसरी बाटली भरताना मी श्वास रोखून धरला होता. त्याचा उपयोग नव्हता, पण बरं वाटलं.

सरांच्या पत्नीने, काकूंनी, थालीपीठाचा आग्रह केला. वर लोण्याचा गोळा आणि शेजारी लिंबाचं लोणचं. आमच्याकडे थालीपीठ जाड थापतात, लसूण सढळ हाताने घालतात. यांचं पातळ, खमंग, मध्ये भोक पाडलेलं. लोणच्याची बरणी पुढे आली तेव्हा मेधाने वरचा तेलाचा थर दाखवला.

"काकू, हे तेल कशाला ओतता?"

"हवा लागू नये म्हणून. आत मुरायला हवं ना."

"बस. यांच्या आडावरही तसाच तेलाचा थर आला. हवा तुटली, आणि आत मुरायला सुरुवात झाली." मग ती रंगात आली. "म्हणजे बघा, पंगतीच असतात. पहिल्या पंगतीला ऑक्सिजनवाले. ते भराभर जेवतात आणि सगळी हवा संपवतात. मग नायट्रेटवाले बसतात, मग गंजवाले. मग हे सल्फेटवाले, ज्यांचा तुम्हाला वास येतो. आणि अगदी शेवटच्या पंगतीला, सगळं संपल्यावर, जे उरलंसुरलं असेल त्यावर—"

ती मध्येच थांबली. शेवटच्या पंगतीला, सगळं संपल्यावर कोणाला बसवायचे, हे माझ्या घरात कोणी पुस्तकातून वाचलेलं नाही. माझे आजोबा छप्पन साली बौद्ध झाले. त्याआधी ते त्याच पंगतीची वाट पाहत वेशीजवळ बसलेले असत. मेधाला हे माहीत आहे. तिचे कान लाल झाले.

"पुढे सांग," मी म्हणाले. "शेवटच्या पंगतीचं काय?"

तिने पाण्याचा घोट घेतला. "शेवटच्यांवरच सगळं अवलंबून असतं," ती सावकाश म्हणाली. "वरच्यांनी तोडून टाकलेलं ते उचलतात. त्यांनी उचललं नाही तर तो साठा तुंबतो आणि त्यांच्या आधीच्यांचं जेवणच अडतं. एकट्याने तेल पचवणारं तिथे कोणी नाही. सगळे मिळून पचवतात."

 सरांनी बरणीतली लिंबाची सर्वांत मुरलेली, काळपट फोड शोधून काढली आणि माझ्या ताटात वाढली.

"मुरलेलं आहे," ते म्हणाले. "घ्या."

त्या संध्याकाळी त्यांनी उदबत्ती लावली की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

तिसरा दिवस : वेशीवरचं गाव

हे गाव कागदावर शहरात आलं आहे. गावाला ते अजून कळलेलं नाही. एका बाजूला चौदा मजली इमारती, दुसऱ्या बाजूला मेथीचे वाफे. बोअर होती हौसाबाईंच्या गोठ्यामागे. शेजारच्या प्लॉटवर पूर्वी कोणी तरी ड्रम धुवायचं, त्याचं पाणी जमिनीत गेलं. पंप जळाल्यावर वर काढला तो परत सोडलाच नाही. त्यामुळे नळी मोकळी होती आणि मेधाला आत कॅमेरा सोडता आला.

बोटाएवढा कॅमेरा, त्याच्या डोक्याभोवती दिव्यांची माळ, आणि मागे लांबच लांब केबल. चित्र एका छोट्या पडद्यावर दिसतं. केबल सोडायचं काम मेधाचं, फूट मोजून लिहायचं माझं, आणि पडद्यावर ऊन पडू नये म्हणून पदर धरायचं हौसाबाईंचं.

पहिले तीस फूट नुसती लोखंडी नळी. मग ती संपली आणि उघडा दगड सुरू झाला. काळाकभिन्न, ओला, जिवंत जनावराच्या पाठीसारखा. मी लिहीत होते: चाळीस, काळा दगड. बावन्न, भेग, उजवीकडून पाणी. त्या भेगेतून सुतासारखी धार येत होती आणि दिव्यात चमकून खाली अंधारात जात होती. सत्तरच्या आसपास गेरूसारखा लाल पट्टा आला. लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात इथे मोकळी जमीन होती, ऊन पडत होतं, तिची ही माती. मग परत काळा. आणि नव्वदला अचानक चांदणं. दगडातल्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक बसले होते, शेकडो, आणि कॅमेरा फिरला तसे एकामागून एक लुकलुकत गेले.

"अगं बया," हौसाबाई म्हणाल्या. पदर तसाच धरून त्या पुढे वाकल्या.

एकशे दहाला पाणी लागलं. पडदा हलला, स्थिर झाला. आवाज तर आधीही नव्हता, पण आता शांतता जाणवू लागली. भिंतीवर काळी मखमल आली. तिच्यावरून पांढरे लांब धागे लोंबत होते आणि नसलेल्या वाऱ्यावर डोलावेत तसे हळूहळू हलत होते. मध्येच एखादा बुडबुडा भिंत सोडून वर निघायचा, अगदी निवांत, कुणी वाट पाहत नसल्यासारखा.

मी लिहायची थांबले होते, हे मला मेधाने "किती झाले?" विचारल्यावर कळलं. वहीत एकशे चौतीस ते दोनशे दहा फुटांची पानं कोरी आहेत. माझ्या आयुष्यातली पहिली कोरी पानं. तेवढा वेळ मी खाली होते. तिथे दिवस नव्हता, वार नव्हता, करायच्या कामांची यादी नव्हती. एका भेगेतून पुढच्या भेगेत पाणी चाललं होतं, आणि कोणीतरी विषाची एक एक गाठ सावकाश सोडवत बसलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं.

"ही समदी राहत्यात का तिथं?" हौसाबाईंनी विचारलं.

"हो," मेधा म्हणाली.

"कवाधरनं?"

"त्यांची जात माणसाच्या कितीतरी आधीची, मावशी."

हौसाबाईंनी पदर खाली सोडला. "मंग पाव्हणं आपणच की."

चहा त्यांनी गोबरगॅसवर केला. मेधाने सांगितलं की शेणातून गॅस करणारे आणि बोअरमधून बुडबुडे सोडणारे एकाच कुळातले, शेवटच्या पंगतीचे. हौसाबाई शेगडीच्या निळ्या ज्योतीकडे बघत राहिल्या.

"म्हंजी माझी चूल अन् ती बोअर एकाच घरची. त्यातलं पानी पिता यील का पर?"

"नाही. अजून बरीच वर्षं नाही. आणि तिच्याजवळ काडी ओढू नका."

"न्हाई पीत. घाई कुनाला हाय?" त्या म्हणाल्या, आणि आमच्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्या कोंबल्या.

चौथा दिवस : विश्रांतवाडी

शनिवार होता. आप्पा सकाळपासून आंघोळ करून, पांढरा सदरा घालून खाली खुर्ची टाकून बसले होते. मेधा आली तेव्हा त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, आधी माझं बीपी बघता की तिचं?"

"तिचं. तुमचं उत्तम दिसतंय."

तिने नळकांडं दोरीला बांधून खाली सोडलं. पाणी वर आलं. वर इंद्रधनुष्याचा पातळ तवंग आणि लहानपणीच्या स्टोव्हचा वास. मी पेला भरून ठेवला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पाणी नितळच राहिलं. कुजक्या अंड्यांचा वास नव्हता. काळं नव्हतं, पांढरे धागे नव्हते. ऑक्सिजनचा आकडा शून्याला गेलाच नाही.

मला आनंद झाला. तीन ठिकाणच्या मानाने आमचं पाणी किती स्वच्छ! पण मेधाच्या कपाळाला आठ्या होत्या.

"सुनंदा, इथे कोणीच नाहीये."

"म्हणजे?"

"रॉकेल आहे. त्यांच्यासाठी ते पक्वान्न आहे, दीड वर्षापासून वाढून ठेवलंय. आणि जेवायला एक माणूस नाही. असं होत नाही. या बोअरचं काही रेकॉर्ड आहे का?"

मी धावतच वर गेले. असा प्रश्न कोणी विचारावा, याची मी दीड वर्ष वाट पाहत होते. हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर, आखलेले रकाने, लाल शाईत शीर्षकं. मी ते तिच्या हातात ठेवलं आणि बाजूला उभी राहिले.

तिने पान उलटलं. मग आणखी एक. मग सगळीच, भराभर.

"दर शनिवारी ब्लीचिंग पावडर, दोन डबे," ती वाचत होती. "पुढे बरोबरची खूण. बरोबर. बरोबर. बरोबर."

"एकही शनिवार चुकला नाही," मी म्हणाले. "पावडर टाकली की दोन दिवस वास कमी यायचा."

बोलता बोलता माझे शब्द मलाच ऐकू आले. जोशी सरांच्या पार्किंगमधली ती बाटली आठवली, आत साबुदाण्याएवढा बुडबुडा फिरत असलेली.

"फक्त ही एक सही वेगळी आहे," मेधा म्हणाली.

"त्या शनिवारी मला ताप होता. आप्पांनी टाकली. काठी टेकत खाली येऊन."

आप्पांनी खुर्चीतून मान वर केली. "चुकलं का काही?"

 मग मीच त्यांच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं, खाली कोण राहतं, काय खातं, आणि आपण त्यांना दर आठवड्याला काय पाजत होतो. ते ऐकत राहिले. 

"परत येतील का?" त्यांनी मेधाला विचारलं.

"पावडर भेगांमधून किती लांब गेली ते सांगता येत नाही. पण लांबच्या खडकात ते असणारच. थांबलात तर पाण्याबरोबर येतील. रॉकेल संपायला मात्र वर्षं जातील, आप्पा."

"आणि बुजवली तर?"

"तरी ते त्यांचं काम करतील. फक्त झालं की नाही, हे बघायला खिडकी राहणार नाही. आणि ही बोअर तुम्हाला परत मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सभेत मी ठराव वाचायला उभी राहिले आणि ठरावाऐवजी रजिस्टर वाचलं. सगळे शनिवार. भोसले साहेब शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "म्हणजे मॅडम, दीड वर्ष आपण फार मेहनतीने चूक केलीत."

"हो. आणि नियमित."

कोणीतरी हसलं. भोसले साहेबांनी विचारलं, "आणि आता आपला प्रस्ताव काय? की आम्ही काहीच करायचं नाही?"

"वर्षभर. झाकण कुलूपबंद, पाणी कोणी वापरायचं नाही, दर शनिवारी फक्त बघायचं."

"काहीही न करण्याचा ठराव मी या सोसायटीत पहिल्यांदाच ऐकतोय. आजवर आपण तो ठरावाशिवायच अमलात आणत होतो."

तेव्हा आप्पा उठले. सभेत ते एरवी बोलत नाहीत.

"गावात मी विहिरीपासून लांब उभा राहायचो," ते म्हणाले. "कुणाला वेळ असला तर वरून ओंजळीत ओतायचे. ही बोअर लागली तेव्हा पहिला हंडा मी भरला, माझ्या हाताने. मला प्यायला नको आता. नुसती असू द्या. काम करणारे येतील म्हणतात, त्यांना येऊ द्या."

भोसले साहेबांनी घसा साफ केला. "सूचक कोण?" असं त्यांनी विचारलं, आणि कोणी बोलायच्या आत स्वतःचाच हात वर केला.

याला आता सात महिने झाले. दर शनिवारी सकाळी मी कुलूप काढते, आप्पा खुर्ची टाकून बसतात, आणि आम्ही वास घेतो. पहिले चार महिने रॉकेल, नुसतं रॉकेल. पाचव्या महिन्यात आप्पांना वाटलं की काहीतरी वेगळं आहे. मला वाटलं, त्यांना तसं वाटावंसं वाटतंय. मी रकान्यात "बदल नाही" लिहीत गेले.

परवाच्या शनिवारी झाकण उघडलं आणि आप्पांनी नाक आक्रसलं. मग मलाही आला. अगदी हलका, लांब कुठेतरी कोणी दार उघडावं तसा.

"अंडी," आप्पा म्हणाले.

मी पाणी काढलं, आईचा पेला भरला आणि दोघांच्या मध्ये कट्ट्यावर ठेवला. शाळेच्या बसचा भोंगा वाजला, वरून कोणीतरी गालिचा झटकला, भोसले साहेब फिरून आले आणि काही न विचारता आमच्या मागे उभे राहिले. पेल्याच्या तळाशी नाव स्पष्ट दिसत होतं. मग कडेला ती पिवळसर छटा आली. 

नाव पूर्ण बुडेपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही. आप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, घरी पाहुणे आल्यावर बसतात तसे.

मग मी रजिस्टर उघडलं आणि त्या दिवसाची नोंद केली: काहीही घातले नाही. वास, कुजक्या अंड्यांचा. रंग, चहासारखा. समाधानकारक.

त्या संध्याकाळी आप्पांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तीही नोंद आहे.